यकृत कर्करोग : आनुवंशिक प्रवणता

दीर्घकालीन यकृतविकार असलेल्यांपैकी काहींनाच पुढे यकृतपेशींचा कर्करोग होतो. या फरकाचा जो भाग जन्मजात जनुकीय भेदांमुळे असतो, त्याला आनुवंशिक प्रवणता ही संज्ञा लावतात. गाठीतील पेशींत नंतर घडणारी उत्परिवर्तने (उदा., अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषामुळे टीपी-५३ जनुकात होणारा बदल) संततीत उतरत नाहीत, म्हणून ती येथे अभिप्रेत नाहीत.

एकाच घरात अनेकांना हा कर्करोग झाल्याची उदाहरणे पूर्व आशियात पूर्वीपासून ज्ञात होती. पण हिपॅटायटिस बी विषाणूही आईकडून मुलाकडे जातो, त्यामुळे वारसा जनुकाचा की संसर्गाचा हे ठरवणे अवघड होते. तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीत (१९८१) विषाणुवाहकांचा धोका इतरांच्या २२३ पट आढळला आणि संसर्गाचे पारडे जड झाले. पूर्व चीनमधील कुटुंबांच्या १९९१ मधील विश्लेषणाने मात्र संसर्गाच्या जोडीला एक अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आल्यासच परिणाम दाखवणारे) जनुकही असावे असे सुचवले. २०१० मध्ये चीनमधूनच केआयएफ-१बी जनुकाकडे बोट दाखवले गेले; जपान, कोरिया व हाँगकाँग येथील नमुन्यांत त्याला दुजोरा मिळाला नाही. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांबाबत जपानी संशोधकांनी २०११ मध्ये एमआयसीए व डीईपीडीसी-५ ही जनुके पुढे आणली.

घरात रुग्ण एकाहून अधिक, एवढ्यावरून आनुवंशिकता गृहीत धरणे किती धोक्याचे आहे, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. भारतीय बाल यकृत सूत्रणरोग (सिऱ्हॉसिस; यकृतात व्रणासारखे तंतू वाढून ते कठीण होण्याचा विकार) भावंडांत आढळे. पुण्यातील रुग्णांच्या अभ्यासातून (१९८३) तांब्यापितळेच्या भांड्यांत ठेवलेल्या दुधातील तांब्याकडे लक्ष वेधले गेले. आनुवंशिक प्रवणतेची शक्यता तरीही काही अभ्यासक सोडत नाहीत. हा विकार कर्करोग नव्हे. तुलना केवळ पद्धतीपुरती.

सर्वांत भक्कम पुरावा पीएनपीएलए-३ जनुकाचा आहे. हे जनुक २२ व्या गुणसूत्रावर असून त्याच्या प्रथिनात १४८ व्या स्थानी आयसोल्यूसीन या ॲमिनो अम्लाऐवजी मेथिओनीन हे ॲमिनो अम्ल आल्यास यकृतात मेद साठतो. अमेरिकेतील डॅलस येथील लोकसमूहाच्या अभ्यासात २००८ मध्ये हा संबंध प्रथम दिसला : जनुकाच्या (आई व वडिलांकडून आलेल्या) दोन्ही प्रती बदललेल्या असणाऱ्यांच्या यकृतात मेद दुपटीहून अधिक होता. बदललेल्या प्रतीचे प्रमाण हिस्पॅनिक गटात सु. ४९ टक्के, यूरोपीय वंशीयांत २३ व आफ्रिकी वंशीयांत १७ टक्के होते. प्रथिनाचे मेदविघटनाचे कार्य मंदावते, असा प्रारंभीचा समज होता. पुढील प्रयोगांनुसार बदललेले प्रथिन पेशीकडून नष्ट केले जात नाही, ते मेदबिंदूंवर साचते आणि दुसऱ्या मेदविघटक विकराला (एन्झाइमाला) लागणारे साहाय्यक प्रथिन अडकवून ठेवते. हे दुसरे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

हा बदल कर्करोगाला थेट कारणीभूत होतो, की मेद व सूत्रणरोगाच्या मार्गाने, हा वाद मिटलेला नाही. मेदयुक्त यकृताच्या रुग्णांच्या २०१४ मधील यूरोपीय अभ्यासात सूत्रणरोग, वय, मधुमेह व स्थूलता हिशेबात घेऊनही दोन बदललेल्या प्रती असणाऱ्यांत कर्करोगाची शक्यता सु. पाचपट दिसली. त्यामुळे स्वतंत्र परिणाम पूर्णपणे नाकारता येत नाही. तरी मोठा वाटा साठलेल्या मेदाचाच असावा. मद्यजन्य व मेदजन्य विकारांत हा संबंध ठळक, तर विषाणुजन्य विकारांत क्षीण असतो.

टीएम-६एसएफ-२ जनुकाचा एक प्रकार यकृतातून रक्तात होणारे मेदाचे स्रवण रोखतो. यकृताला त्याचा अपाय होतो, हृदयाला मात्र लाभ. याउलट एचएसडी-१७बी-१३ चा एक प्रकार (२०१८) संरक्षक ठरतो. एकेका जनुकामुळे होणाऱ्या विकारांपैकी टायरोसिनेमियाच्या (टायरोसीन या ॲमिनो अम्लाचे विघटन नीट न होण्याच्या विकाराच्या) पहिल्या प्रकारात बालवयातच कर्करोगाचा धोका असतो. यूरोपात महत्त्वाचा असलेला, लोहसंचयाला कारणीभूत ठरणारा एचएफई जनुकाचा बदल भारतात अत्यंत विरळ आहे.

भारतीय रुग्णांविषयीचे अभ्यास थोडे असून ते मुख्यतः पीएनपीएलए-३ व मेदयुक्त यकृत यांच्या संबंधापुरते आहेत. सूत्रणरोग झालेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. ती कोणाची करावी हे ठरवताना जनुकचाचणी अद्याप नेहमीच्या व्यवहारात वापरली जात नाही.