शस्त्रागार म्हणून पोलाद मिळालं, तेव्हा उभं राहिलं ॲलन फील्डहाऊस

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचं बास्केटबॉलचं घर म्हणजे लॉरेन्स गावातलं ॲलन फील्डहाऊस हे बंदिस्त क्रीडागृह. इमारतीला नाव प्रशिक्षक फॉरेस्ट ॲलन यांचं, आतल्या कोर्टाला बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचं. नेस्मिथ गुरू, ॲलन शिष्य. पण एका मूलभूत प्रश्नावर दोघांचं कधीच जुळलं नाही. ॲलन यांना दुसऱ्या एका कॉलेजने प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा नेस्मिथ त्यांना म्हणाले होते म्हणे, की बास्केटबॉल शिकवता येत नाही, तो फक्त खेळायचा असतो. या वास्तूची गोष्ट कळायला आधी हा मतभेद कळायला हवा.

नेस्मिथ यांनी हा खेळ डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत तयार केला. हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळवायचं होतं, एवढीच गरज होती. पीचच्या दोन टोपल्या, एक चेंडू आणि 13 नियम, बस्स. (वाय.एम.सी.ए.च्याच वाटेने तो पुढे मुंबईच्या नागपाड्यात पोहोचला आणि तिथल्या गल्ल्यांमध्ये मुरला.) 1898 मध्ये नेस्मिथ कॅन्ससला आले ते शारीरिक शिक्षणाचे आणि उपासनामंदिराचे प्रमुख म्हणून. संघ त्यांनीच सुरू केला. 3 फेब्रुवारी 1899 ला पहिला सामना झाला आणि कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए.कडून संघ 16-5 असा हरला. नेस्मिथ यांच्या कारकिर्दीत कॅन्ससने 55 सामने जिंकले, 60 गमावले. पुढच्या इतक्या वर्षांत पराभवांचं पारडं जड राहिलेला तिथला प्रशिक्षक हा एकटाच, खुद्द खेळाचा जनक. मला यात कमीपणा दिसत नाही. त्यांच्या लेखी हा खेळ शरीर आणि मन घडवण्यासाठी होता, जिंकणं त्यानंतर यायचं.

ॲलन यांची घडण वेगळी. ते हाडवैद्यकी शिकले होते आणि आवाज धुक्यात वाजणाऱ्या जहाजाच्या भोंग्यासारखा (फॉगहॉर्न) असल्यामुळे ‘फॉग’ या नावाने ओळखले जायचे. जिंकायचं कसं याचं त्यांनी शास्त्रच केलं. 1907 ते 1909 आणि मग 1919 पासून सलग 1956 पर्यंत ते कॅन्ससचे प्रशिक्षक होते. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश व्हावा म्हणून ज्यांनी धडपड केली त्यांत ते पुढे होते, आणि आपल्या म्हाताऱ्या गुरूला तो सोहळा पाहता यावा म्हणून निधी गोळा करण्यातही. मतभेद होता, पण माया आटली नव्हती. नेस्मिथ 1939 मध्ये लॉरेन्सलाच वारले.

जागेची अडचण मात्र वाढतच गेली. 1927 पासून सामने होक सभागृहात व्हायचे. ते मुळात व्याख्यानं आणि संगीताच्या कार्यक्रमांसाठी बांधलेलं, त्यामुळे गर्दी मावायची नाही. 1950 मध्ये शेजारच्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाने मोठं फील्डहाऊस उभारलं आणि लॉरेन्सला ते जिव्हारी लागलं. 1952 मध्ये ॲलन यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यातले सात खेळाडू हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात होते. मागणीला जोर आला, पण कोरियातल्या युद्धामुळे पोलादावर निर्बंध होते. खेळाच्या इमारतीला पोलाद मिळणं कठीण. तेव्हा आराखड्यात शस्त्रं ठेवायच्या खोल्या घातल्या गेल्या, इमारत शस्त्रागारात मोडू लागली आणि पोलाद मंजूर झालं. सुमारे 25 लाख डॉलर खर्चून ती बांधली गेली. 1 मार्च 1955 ला तिचं उद्घाटन झालं आणि 17,228 प्रेक्षकांसमोर कॅन्ससने त्याच कॅन्सस स्टेटला 77-67 असं हरवलं.

या इतिहासाची एक बाजू उद्घाटनाच्या झगमगाटात झाकली जाते. 1930 च्या दशकात जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी इथे नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकला, पण विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती, कारण संघ फक्त गोऱ्यांचा होता. गुरूकडून मिळालेलं ज्ञान घेऊन तो बाहेर पडला आणि देशातल्या मोठ्या प्रशिक्षकांमध्ये गणला गेला. संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हान्स स्क्वायर्स, आला तो 1951 मध्ये. नव्या वास्तूत पहिली मोठी खळबळ उडवली तीही एका कृष्णवर्णीय तरुणानेच.

विल्ट चेंबरलेन, उंची सात फुटांवर. त्याला कॅन्ससला आणण्यासाठी ॲलन यांनी जिवाचं रान केलं. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळायची परवानगी नव्हती, आणि 1956 मध्ये सत्तरी गाठल्यामुळे ॲलन यांना नियमाप्रमाणे निवृत्त व्हावं लागलं. 3 डिसेंबर 1956 ला मुख्य संघातून खेळताना विल्टने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध 52 गुण आणि 31 रिबाउंड (हुकून परत आलेले चेंडू पकडणं) मिळवले. कोर्ट ॲलन यांच्या नावाच्या इमारतीतलं, खेळाडू त्यांनीच आणलेला, पण संघाची सूत्रं नवे प्रशिक्षक डिक हार्प यांच्या हाती गेली होती. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट हीच.

पुढचं थोडक्यात. 1988 मध्ये विद्यार्थ्यांनी वसतिगृहातले न्हाणीघरांचे पडदे जोडून त्यावर ‘आत येणाऱ्यांनो, फॉगपासून सावध’ अशा अर्थाची ओळ रंगवली आणि ती इथली ओळख बनली. जुनं होक सभागृह 1991 मध्ये वीज पडून जळालं. 13 फेब्रुवारी 2017 ला इथल्या प्रेक्षकांचा आवाज 130.4 डेसिबल मोजला गेला, तेव्हाचा तो बंदिस्त जागेतला विश्वविक्रम होता.

डिसेंबर 2010 मध्ये नेस्मिथ यांचे मूळ 13 नियम, टंकलिखित दोन कागद, न्यूयॉर्कला लिलावात निघाले. लॉरेन्समध्ये, नेस्मिथ ड्राइव्ह याच रस्त्यावर लहानाचे मोठे झालेले उद्योजक डेव्हिड बूथ यांनी पत्नीसह ते 43 लाख डॉलरना घेतले. ते कागद आता फील्डहाऊसला लागून 2016 मध्ये उघडलेल्या डब्रूस सेंटरमध्ये काचेमागे आहेत. सामन्याला आलेला माणूस आधी ते वाचून मग ॲलन यांच्या दारातून आत जाऊ शकतो.