आरशावरून परतलेला प्रकाश वेगळा, फायबरमध्ये शिरलेला वेगळा

डब्ल्यूएसएसचं (वेव्हलेंग्थ सिलेक्टिव्ह स्विच, म्हणजे फायबरमधला प्रकाश तरंगलांबीप्रमाणे वेगळा करून हव्या त्या फायबरमध्ये वळवणारा स्विच) मॉडेल कुणी दाखवलं की मी आधी बँडच्या कडेला लॉस किती धरलाय ते बघतो. तिथे ३ डीबी दिसले की समजायचं, परत तोच घोळ.

रस्ता थोडक्यात असा: ग्रेटिंग तरंगलांब्या पसरवते, लेन्स त्या चिमुकल्या मेम्स आरशांवर टाकते, प्रत्येक पट्ट्याला एक आरसा, आणि तिथून प्रकाश उलट फायबरमध्ये; म्हणजे बँडची कड ही आरशाचीच कड. इन्सर्शन लॉस आणि कपलिंग लॉसवरूनही लोक भांडतात, पण पहिल्यात ग्रेटिंग आणि कोटिंगचा लॉस धरलेला असतो नि दुसऱ्यात नसतो, एवढंच.

गोची पुढे आहे. समजा बीमचा मध्य बरोबर आरशाच्या कडेवर आला, अर्धी पॉवर आरशावर, अर्धी बाहेर. परत फिरली अर्धी, म्हणून ३ डीबी. परत फिरली इथपर्यंत बरोबर, पण फायबरमध्ये तेवढी शिरत नाही. सिंगल-मोड फायबर म्हणजे बादली नाही, पडेल ते घ्यायला. त्याला फक्त स्वतःच्या मोडचा (त्याच्यातून वाहू शकणाऱ्या प्रकाशाच्या ठरलेल्या घडणीचा) आकार चालतो, साधारण गाउसियन, म्हणजे मध्ये जास्त आणि कडांकडे विरत जाणारा, आणि आपण त्याच्याकडे धाडतोय मधोमध कापलेला गाउसियन. त्या तुकड्यातली निम्मीच पॉवर मोडशी जुळते, बाकीची क्लॅडिंगमध्ये, म्हणजे फायबरच्या गाभ्याभोवतीच्या आवरणात जाते. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव, म्हणजे ६ डीबी. म्हणून बीम आरशापेक्षा बराच बारीक असेल तर ५० गिगाहर्ट्झचा पट्टा मावेल अशा आरशाची ५० गिगाहर्ट्झ रुंदी ६ डीबीला मिळते, ३ डीबीला शोधू नका. न झुकवलेल्या आरशाला हे सगळीकडे लागू आहे, ९०% पॉवर आरशावर तर कपलिंग ८१%, डीबीत कायम दुप्पट. नेटवर्कमध्ये असे डब्ल्यूएसएस असलेले चार नोड (थांबे) लागोपाठ आले की कडेला १२ डीबी धरलेले असतात आणि प्रत्यक्षात २४ जातात, मग फिल्टर इतका अरुंद कसा झाला म्हणून शोधाशोध.

मला सगळ्यात खटकतं ते इंटेन्सिटीचा गुणाकार करून त्यालाच ओव्हरलॅप (आलेला प्रकाश मोडशी किती जुळतो ते) म्हणणं. अहो, फील्ड (इंटेन्सिटी ज्याचा वर्ग असते ते) गुणायचं, फेजसकट (लहर कुठल्या टप्प्यावर आहे त्यासकट), इंटिग्रल काढायचं आणि शेवटी वर्ग करायचा. आरसा थोडा झुकवला तर आरशावरची इंटेन्सिटी जवळपास तशीच राहते, बदलते ती फेज, बीमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत जाते (आणि आरसा १° फिरला की बीम २° फिरतो, तो दुपटीचा आकडा विसरू नका). अटेन्युएशन (आरसा झुकवून मुद्दाम प्रकाश कमी करणं) त्या चढातूनच येतं, फेज टाकून दिली की मॉडेलमध्ये आरसा झुकवूनही लॉस शून्य!

मी ओव्हरलॅप आरशाच्या प्लेनवरच काढतो. फायबरच्या तोंडाशी काढलात तरी उत्तर तेच येतं, पण आरशाची कड इथे समोर दिसते. अटेन्युएशनसाठी आरसा तरंगलांब्या पसरतात त्याच दिशेने झुकवला तर पासबँडच्या (पार होणाऱ्या पट्ट्याच्या) दोन्ही कडांना जे कान उभे राहतात तेही इथेच कळतात: मध्ये अख्खा गाउसियन असतो, त्याचे वाटे त्या चढाने एकमेकांना जवळजवळ खोडतात, पण कडेला तो कापलेला असतो, खोडायला पलीकडची बाजूच उरत नाही, म्हणून तिथे मधल्यापेक्षा जास्त प्रकाश शिरतो. दोन अक्षांचा आरसा असेल तर दुसऱ्या अक्षावर झुकवा, कान दबतात.