पार्श्वभूमी : दुकाने उघडल्याची नोंद आहे, मिटल्याची नाही

कोरोनात महाराष्ट्रातली किती दुकाने कायमची बंद पडली, याचे अनेक आकडे सांगितले जातात. ते पडताळायला सलग नोंद मात्र सापडत नाही. कारण शोधायला 2017 पर्यंत मागे जावे लागते.

1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लहानमोठे प्रत्येक दुकान नोंदवावे लागे. त्याच कागदाला व्यापारी आजही ‘गुमास्ता’ म्हणतात. दुकान बंद केल्यावर दहा दिवसांत कळवण्याची तरतूद होती, पण गाशा गुंडाळताना कार्यालयाची पायरी कोण चढणार? बंद दुकान हाती लागे ते नूतनीकरणाच्या वेळी : मुदत संपली, कोणी फिरकले नाही, म्हणजे शटर खाली गेले असावे.

19 डिसेंबर 2017 पासून नवा कायदा आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणी माफ झाली. त्यांनी दुकान सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, नूतनीकरण नाही. किराणा, स्टेशनरी, मोबाइल दुरुस्ती, साडीचे छोटे दुकान, म्हणजे बाजारपेठेतली बहुतेक दुकाने यातच येतात. परवान्यासाठीचे हेलपाटे वाचले, हा दिलासा खराच होता. पण दुकान चालू आहे की नाही हे कळण्याची एकमेव व्यवहार्य खूणही त्याच फटक्यात गेली, आणि तिची जागा भरणारे काही आणले नाही. ही चूक मोठी होती. वेळही वाईट : नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आणि जुलै 2017 चा जीएसटी यांचा परिणाम दुकानांवर दिसू लागला, त्याच सुमारास जुनी आणि नवी नोंद एकमेकींशी जुळेनाशी झाली.

जीएसटीवरून मोजावे, असे सुचवले जाते. तेही लंगडेच. 2019 पासून मालविक्रीसाठी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे 40 लाखांच्या वार्षिक उलाढालीची आहे, आणि राज्यातल्या पाच शाखांनाही एकच क्रमांक चालतो. त्यातली एक शाखा बंद झाली तरी क्रमांक तसाच राहतो.

मग आली टाळेबंदी. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी होता. 2021 चा पाडवाही एप्रिलच्या निर्बंधांत गेला. अक्षय्य तृतीया दोन्ही वर्षी बुडाली. कापड आणि सराफ बाजाराचे दोन हंगाम हातचे गेले. जूनमध्ये दुकाने उघडली, पण त्यांतली किती जुन्याच मालकाची होती, ते कोणत्याही रजिस्टरात नाही.

छोटी दुकाने कायद्याच्या कक्षेत आणायची सोय नव्हती, असे नाही. 2022 मध्ये मराठी पाट्यांसाठी कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगारांची दुकानेही त्यात घेतली. पाटी सक्तीची झाली, बंद दुकानाची नोंद मात्र तशीच राहून गेली.

2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली. म्हणजे आजवर नोंदणीत दिसणारी मध्यम आकाराची कापड दुकाने आणि हॉटेलेही आता नुसत्या सूचनेवर येतील.