एका लेझर पल्सने पालटणारा स्फटिक

‘प्रकाशाने चालणारी चिप आली, आता संगणक हजारपट वेगवान!’ असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरतो. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत ती चिप बसायला बराच अवकाश आहे. त्यामागचं भौतिकशास्त्र मात्र अस्सल आहे. घोळ होतो तो एवढाच, की लेझर पडला, पदार्थ तापला आणि तापून बदलला, असं वाटतं; इथे तसं होत नाही.

टॅन्टलम डायसल्फाइड घ्या. हा थरांचा स्फटिक. चिकटपट्टी लावून ओढली की ताजा, चकचकीत पृष्ठभाग उघडा पडतो. त्याच्या ‘1टी’ प्रकारात साधारण 180 केल्व्हिनच्या (उणे 93 अंश सेल्सिअसच्या) खाली टॅन्टलमचे 13-13 अणू जवळ सरकून ताऱ्याच्या आकाराचे पुंजके, म्हणजे ‘तारे’, बनवतात. प्रत्येक ताऱ्याच्या वाट्याला एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन. सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये सगळ्या जागा भरल्यावर हलायचं तर दुसऱ्याच्या मांडीवरच बसावं लागेल, तशी त्यांची गत. म्हणून वीज वाहत नाही. (दोष निव्वळ इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाचा की थरांच्या रचणीचाही, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.)

2014 साली स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या गटाने अतिथंड स्फटिकावर लेझरची 35 फेमटोसेकंदांची एकच पल्स, म्हणजे क्षणिक झोत, सोडली (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग). विद्युतरोध सुमारे हजारपट घसरला आणि पल्स संपल्यावरही तसाच राहिला. कसा? पल्स आधी इलेक्ट्रॉनांना उचलते; जड अणूंना अजून पत्ताही नसतो. उचललेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्यामागे राहिलेल्या रिकाम्या जागा सारख्या वेगाने शांत होत नाहीत, म्हणून काही क्षण हिशेब जुळत नाही. तो जुळवायला तारे छोट्या छोट्या पट्ट्यांत सरकतात, पट्ट्यांमध्ये सीमा तयार होतात आणि स्फटिक लगेच गार झाल्यामुळे ती रचना तिथेच अडकते. सावकाश तापवून सावकाश गार केलं तर ही अवस्था येत नाही. उलट 100 केल्व्हिनच्या आसपास नेलं की ती पुसली जाते. तीच ऊर्जा 50 पिकोसेकंदांत (50,000 फेमटोसेकंदांत) पसरवली, तरी पुसण्याचंच काम होतं. ऊर्जा किती, यापेक्षा ती किती घाईने दिली, यावर सगळं ठरतं.



मोजणी कशी होते? लेझरचा किरण दोन वाटांत फोडतात: एक पल्स धक्का देते, दुसरी मागून पाहणी करते. दुसरीच्या वाटेतली आरशांची जोडी 1 मायक्रॉन मागे सरकवली की जाऊन-येऊन वाट 2 मायक्रॉन वाढते, म्हणजे 6.7 फेमटोसेकंदांचा उशीर. धक्क्याचा ठिपका पाहणीच्या ठिपक्यापेक्षा दोन-तीन पट रुंद हवा, नाहीतर न हललेला भागही मोजला जातो. वाटेत 1 सेंटिमीटर साधी काच आली, तर 35 फेमटोसेकंदांची पल्स जवळपास 50 फेमटोसेकंदांची होते. खरी डोकेदुखी वेगळीच. एरवी हजारो पल्सची सरासरी काढतात, कारण दरवेळी नमुना आपोआप पूर्ववत होतो. इथे होत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीआधी मागच्या पल्सने आणलेली अवस्था पुसावी लागते.

खाडीकाठच्या ठाण्यात जुलैमध्ये हा प्रयोग मांडायचा, तर अजून एक पथ्य. लेझरचा चिलर (गार ठेवणारं यंत्र) 18 अंश सेल्सिअसवर आणि खोलीतला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) 24 वर असला, की लेझर यंत्रातल्या थंड केलेल्या स्फटिकावर पाणी धरतं आणि किरण पडताच त्याचा लेप जळतो. डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू ठेवावा लागतो.