जागरण आणि गोंधळ: एका पत्रिकेतले दोन वेगळे विधी

कोल्हापूर भागात लग्नानंतरच्या पत्रिकेवर ‘जागरण-गोंधळ’ असा जोडशब्द छापलेला दिसतो, आणि त्यामुळे ही एकाच विधीची दोन नावे आहेत असे पुष्कळांना वाटते. दोन्ही विधी रात्री अंगणात होतात, दोन्हींत देवाची मांडणी असते आणि तुणतुणेही वाजते, म्हणून हा समज स्वाभाविक आहे. मात्र छापील अक्षर घरोघरी नव्हते त्या काळात खेड्यात कोणती गोष्ट कोणाच्या तोंडून पोहोचत होती हे समजून घ्यायचे असेल, तर हे दोन विधी वेगळे करून पाहावेच लागतात.

गोंधळ देवीचा असतो. ज्यांचे कुलदैवत अंबाबाई, तुळजाभवानी किंवा रेणुका आहे, त्यांच्या घरी तो घातला जातो. तो घालणारे गोंधळी पिढीजात असून कदमराई आणि रेणुराई या त्यांच्या दोन प्रमुख शाखा आहेत. पहिली तुळजाभवानीची, तर दुसरी माहूरच्या रेणुकेची. जागरण खंडोबाचे असते आणि ते वाघ्या-मुरळी, म्हणजे खंडोबाला वाहिलेले पुरुष आणि स्त्रिया, करतात. वाघ्या होण्यासाठी विशिष्ट जातीत जन्म लागत नाही, नवस पुरेसा असतो. मूल देवाला वाहण्याच्या या रिवाजाने मुरळ्यांच्या वाट्याला जे आयुष्य आले ते विसरून जागरणाचे कौतुक करू नये, असे मला मनापासून वाटते. मुलगी देवाला सोडणे आज गुन्हा आहे. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ सालचा आहे.

कानाला फरक लगेच कळतो. गोंधळाचे वाद्य संबळ. कमरेला बांधलेली ही लहान-मोठी जोडी काड्यांनी वाजवतात, त्यांतल्या एका काडीचे टोक वाकडे असते, आणि तिचा आवाज चार गल्ल्या ओलांडून जातो. जागरणात दिमडी हे छोटे चर्मवाद्य आणि घाटी ही लहान घंटा असते, भंडारा उधळला जातो, तळी भरताना, म्हणजे भंडारा-खोबऱ्याचे ताम्हन सर्वांनी मिळून उचलताना, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ होते आणि काही ठिकाणी शेवटी लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडतात.

गोंधळाची बांधणी मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. पूर्वरंगात गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, झाला की देवदेवतांना आवतण दिले जाते: कोल्हापूरच्या अंबाबाई, गोंधळाला ये, तुळजापूरच्या भवानी, गोंधळाला ये, मग जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, वाडी रत्नागिरीचा जोतिबा. ज्या बाईने माहेर आणि सासर सोडून तिसरे गाव पाहिले नव्हते, तिच्याही मनात या ओळींमधून मुलुखाचा नकाशा उभा राहत असे. उत्तररंगात आख्यान लागते. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा सांगतो आणि साथीदार मध्येच अडाण्यासारखा प्रश्न विचारतो, ‘म्हणजे काय, महाराज?’ श्रोत्याच्या मनातली शंका अशी रंगणातच विचारली गेल्याने त्याला काहीच न विचारता तिचे उत्तर मिळते. कथेच्या ओघात चालू काळातला विषयही येथे घालता येतो, आणि म्हणूनच लसीकरण, व्यसनमुक्ती किंवा पाणी वाचवण्याचा संदेश सांगायला गोंधळाचा बाज सोयीचा पडतो. १६५९ मधल्या अफझलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा प्रसिद्ध आहे. अशा पोवाड्यांच्या गायनाची परंपराही गोंधळ्यांनी सांभाळली.

गोंधळ्यांची करपल्लवी तर निव्वळ संवादाची विद्या आहे. श्रोत्यांतला कोणीतरी एका गोंधळ्याच्या कानात आपले नाव सांगतो, तो बोटांच्या खुणांनी अक्षरामागून अक्षर दाखवतो, आणि दूर उभा असलेला जोडीदार ते नाव मोठ्याने उच्चारतो. लिपी बोटांवर आणून ठेवणारी ही माणसे बहुधा शाळेत गेलेली नव्हती.

जागरणाचा विषय घराच्या अधिक जवळचा असतो. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव धनगरवाड्यात चाकर होऊन राहतो आणि परतल्यावर दोघी सवतींचे भांडण लागते. ते भांडण गाण्यातून ऐकताना वाणी, धनगर आणि कुणबी अशा साऱ्यांना आपापली भाषा आणि आपापला मान त्यात सापडतो. येथे बाहेरची बातमी फारशी येत नाही. घराने केलेला नवस फिटला, हे भाऊबंदांसमोर जाहीर होणे हाच जागरणातला मुख्य निरोप असतो.

ज्या घरात देवी आणि खंडोबा दोन्ही कुलदैवते आहेत तेथे हे विधी एकाच रात्री होतात, आणि जोडशब्द तेथूनच रुळला असावा. अलीकडे एकच संच लाऊडस्पीकर लावून दोन-तीन तासांत दोन्ही उरकतो. वेळ कमी पडला की संबळ, आरती आणि तळी राहतात, काट आख्यानाला लागते. म्हणून सुपारी देतानाच नाईकाला विचारावे, आख्यान कोणते लावणार आणि त्याला किती वेळ देणार.