शिखररेषा आणि जलविभाजक: अँडीजचा नकाशा वाचताना

अर्जेंटिना आणि चिली यांच्या १८८१ च्या करारात सीमेसाठी शब्द आहेत ते असे: अँडीजमधल्या, पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून, दक्षिणेला ५२ अक्षांशापर्यंत. इथे एकाच वाक्यात दोन वेगळ्या रेषा बांधल्या गेल्या, आणि पुढची वीस वर्षं त्यावर वाद चालला.

शिखररेषा उंचीवर ठरते. मोठी शिखरं जोडत जायचं. मध्ये एखादी नदी रांग फोडून गेली तरी रेषा पलीकडे सुरू राहते. जलविभाजक मात्र एकही ओढा ओलांडत नाही. उंच कडा असो की गवताळ माळ, एका बाजूचं पाणी इकडे आणि दुसऱ्या बाजूचं तिकडे, एवढंच तो पाहतो.

अर्जेंटिनातलं मेंदोसा आणि चिलीतलं सान्तियागो या शहरांच्या मधल्या भागात दोन्ही रेषा जवळजवळ चालतात. तरी ६,९६१ मीटरचं अकोंकाग्वा, म्हणजे अमेरिका खंडांतलं सर्वोच्च शिखर, जलविभाजकावर नाही. त्याचं पाणी पूर्वेकडे उतरतं, म्हणून सीमा त्याच्या पश्चिमेकडून जाते आणि अख्खं शिखर अर्जेंटिनात राहतं.

खरा घोळ दक्षिणेत, पातागोनियात. हिमयुगात हिमनद्यांनी रांगेच्या पूर्वेला खोल दऱ्या कोरल्या आणि तोंडाशी दगडगोट्यांचे बांध टाकले. बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांतलं पाणी रांग भेदून पॅसिफिककडे निघालं, आणि जलविभाजक शिखरं सोडून पूर्वेच्या सपाटीवर जाऊन बसला. तो किती कच्चा आहे, हे अर्जेंटिनाचे सीमातज्ज्ञ फ्रान्सिस्को मोरेनो यांनी १८९८ मध्ये चर खणून दाखवलं. पॅसिफिककडे जाणाऱ्या ब्वेनोस आयरेस सरोवराला मिळणारी फेनिक्स नदी त्यांनी देसेआदो नदीत, म्हणजे अटलांटिककडे वळवली. शिखरं अशी हलवता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. चिलीचे दिएगो बार्रोस आराना जलविभाजकावर ठाम होते. १९०२ मध्ये ब्रिटिश राजाच्या लवादाने दोन्ही रेषांच्या मधून वाट काढली. प्रत्यक्ष पाहणी करणारे थॉमस होल्डिच त्याआधी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर मोजणी करत होते. त्या निवाड्यामुळेच लाकार सरोवर अर्जेंटिनात आहे, पण त्याचं पाणी चिलीतून पॅसिफिकला जातं.

नकाशावर जलविभाजक काढायचा तर शिखरापासून सुरुवात करू नका, खिंडीपासून करा. समोच्चरेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची, टोकं चढाकडे वळली असतील तिथे ओढा, उताराकडे फुगली असतील तिथे सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. सोंडेच्या माथ्यावरून, समोच्चरेषांना काटकोनात छेदत वर जा. ओढ्याची निळी रेषा छेदली गेली की मागे फिरा.

नेहमीची चूक म्हणजे सर्वांत उंच फाट्याला मुख्य रांग समजणं. कळसूबाईचंच पाहा: १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, पण ती सह्याद्रीच्या पूर्वेकडे गेलेल्या फाट्यावर आहे. उत्तरेचं पाणी दारणेला, दक्षिणेचं प्रवरेला, आणि दोन्ही नद्या गोदावरीलाच मिळतात, म्हणजे हा मुख्य जलविभाजक नव्हे.

सपाटीवर दुसरी अडचण येते. समोच्चरेषांत २० मीटरचं अंतर असेल, तर ५ मीटरचा उंचवटा नकाशात उमटेलच असं नाही. संगणकही उंचीच्या आकड्यांतले खळगे भरून स्वतःच एक रेषा ठरवून टाकतो. अशा जागी उपग्रहचित्रावर प्रत्येक प्रवाह शेवटपर्यंत धरून जावा लागतो. बर्फाच्या पठारावर तेही जमत नाही, कारण बर्फाच्या पृष्ठभागाचा उतार आणि खालच्या खडकाचा उतार वेगळा असू शकतो. दक्षिण पातागोनियाच्या हिमक्षेत्रात फिट्झ रॉय शिखराच्या दक्षिणेला सीमेचा एक तुकडा १९९८ च्या करारानंतरही आखायचा राहिला आहे.