एसी-रेफ्रिजरेशनच्या कामाचं ‘लायसन’: कोणते कागद, कुठून आणि कोणत्या क्रमाने

मार्च सरत आला की दरवर्षी दोन-चार पोरं वर्कशॉपवर येतात आणि एकच प्रश्न विचारतात: “दादा, एसी कॉन्ट्रॅक्टरचं लायसन कुठे काढायचं?” गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एकाने तर ते काढूनच आणलं होतं. लॅमिनेशन केलेला कागद, वर अशोकस्तंभ, शेजारी क्यूआर कोड. एजंटाने नऊ हजार घेतले होते. मी वाचून बघितलं तर तो उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद केल्याचा, दाखला निघाला. सरकारच्या पोर्टलवर तो फुकट मिळतो, अर्ध्या तासात. नऊ हजारांत त्या पोराचा एक बरा व्हॅक्यूम पंप आला असता. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

मूळ गोष्ट आधी सांगतो. महाराष्ट्रात ‘रेफ्रिजरेशन ठेकेदार’ या नावाचा एकच स्वतंत्र परवाना नाही. यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघून हा गैरसमज होतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात खरोखरच सी-३८ नावाचा रेफ्रिजरेशनचा परवाना आहे. त्याला चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५ हजार डॉलरचा बाँड लागतो. आपल्याकडे तशी एक खिडकी नाही. आपल्याकडे चार-पाच नोंदण्यांची फाइल तयार होते आणि त्यात खऱ्या अर्थाने ‘परवाना’ म्हणावा असा एकच कागद असतो, तो विजेच्या कामाचा. नेमका तोच बहुतेकांच्या फाइलमध्ये नसतो.

आधी नाव जुळवा

कुठलाही अर्ज भरण्याआधी आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र आणि आयटीआयचं सर्टिफिकेट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि इंग्रजी नाव अक्षर-अक्षर जुळवून बघा. ज्ञानेश्वर नावाची माणसं हमखास अडकतात. एका कागदावर नाव ‘डी’पासून सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जी’पासून. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी, कुठे नुसतंच आद्याक्षर. पॅन आणि आधार जुळले नाहीत तर उद्यमचा फॉर्म पुढेच सरकत नाही. शाळेच्या कागदाप्रमाणे आधार आणि पॅन दुरुस्त करून घ्या. नाव खरोखरच बदललेलं असेल, तर राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण आधी केलं तर पुढचे सगळे अर्ज सरळ जातात.

शिक्षण

या धंद्याचा पाया आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड. जुने लोक त्याला अजून एमआरएसी म्हणतात, हल्लीचं नाव रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन. दहावी पास असावं लागतं आणि प्रवेश ऑनलाइन होतात. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर एखाद्या कंपनीत अॅप्रेंटिसशिप केली की त्याचं वेगळं प्रमाणपत्र हाती येतं. धंदा सुरू करायला हे कागद कायद्याने सक्तीचे नाहीत, पण कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर घ्यायला किंवा टेंडर भरायला गेलात की पहिल्याच पानावर मागतात.

दहा-पंधरा वर्षं हातानेच काम शिकलेल्यांनी खट्टू होऊ नये. आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात. ते आयटीआयच्या बरोबरीचं नाही, पण हातात काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

दुकानाचे आणि धंद्याचे कागद

उद्यम नोंदणीला आधार आणि पॅन पुरतं. शुल्क नाही, कागद अपलोड करायचे नाहीत. धंद्याचा कोड निवडताना मात्र घाई करू नका. एसी बसवण्याचं काम ४३२२ या गटात येतं आणि घरगुती उपकरणांची दुरुस्ती ९५२२ मध्ये. दोन्ही करत असाल तर दोन्ही टाका. एजंट लोक नुसती दुरुस्ती टाकून मोकळे होतात आणि मग इन्स्टॉलेशनच्या टेंडरला हाच दाखला अपुरा ठरतो. उद्यमचा खरा फायदा तिथेच असतो. वस्तू आणि सेवांच्या सरकारी खरेदीत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रक्कम भरण्यापासून सूट आहे. बांधकामासारख्या वर्क्स कंत्राटांना ती गृहीत धरू नका.

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. २०१७ च्या कायद्यानुसार हाताखाली दोन-तीन पोरं असलेल्या वर्कशॉपला पूर्ण नोंदणी करावी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. ती नमुना ‘एफ’मध्ये भरली की ‘जी’ नमुन्यात पोच मिळते. हीच पोच तुमचा गुमास्ता. आधार, पॅन, फोटो, जागेचा पुरावा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो तयार ठेवा. पाटी मराठीत, देवनागरीतच हवी आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. ‘कूल पॉइंट’ हे नाव ठेवायला हरकत नाही, पण ते ‘कूल पॉइंट’ असं मराठीत ठळक दिसलं पाहिजे. उद्यम आणि गुमास्ता हे दोन्ही हातात आले की फर्मच्या नावाने बँकेत करंट खातं उघडता येतं.

व्यवसाय कराची नोंद लोक विसरतात. स्वतःचा धंदा करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. थकले की व्याज चढत जातं.

जीएसटीचं गणित असं आहे. आपल्या कामात सेवा असते, त्यामुळे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे, तिच्यावर विसंबून राहिलेले नोटीस आल्यावर धावपळ करतात. मोठं ऑफिस किंवा हॉटेल मात्र तुमची उलाढाल कितीही असो, जीएसटीचं बिलच मागतं, कारण त्यांना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं असतं. त्यामुळे अशी कामं करायची असतील तर मर्यादेची वाट न बघता नोंदणी करा. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि लाइट बिल लागतं, वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. नोंदणीचं शुल्क शून्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी कोटेशनं तशीच पुढे पाठवत असाल तर आधी ती बदला.

विजेचा परवाना

इथे जरा थांबून वाचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांचा गाभा असा: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण बदलणं, तेही जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता, एवढं सोडलं तर विजेच्या मांडणीचं कुठलंही काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि हाताने काम करणाऱ्याकडे तारतंत्री (वायरमन) परवाना हवा.

याचा आपल्या कामात अर्थ काय? फ्रीजचा रिले बदलला, एसीचा कपॅसिटर बदलला, गॅस भरला, तर काही प्रश्न नाही. पण डीबीपासून (विजेच्या वाटपाच्या पेटीपासून) नवी केबल ओढली, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) वाढवला, कोल्ड रूमला थ्री फेज दिला, की तुम्ही विजेच्या मांडणीला हात घातला. आयटीआयचं एसीचं सर्टिफिकेट म्हणजे तारतंत्री परवाना नव्हे. महावितरणकडे लोड वाढवून घ्यायलाही परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

हे मी ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात एका दवाखान्यात दोन टनांचे दोन एसी मी जुन्या अडीच एमएमच्या एकाच लाइनवर चढवले. मे महिन्यात दुपारी जॉइंट तापला आणि डीबी जळाला. माणसं वाचली हे नशीब. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने काळवंडलेल्या केबलचा फोटो काढला आणि मला विचारलं, “वायरिंग कोणी केलं? परवाना क्रमांक? टेस्ट रिपोर्ट?” माझ्याकडे तिन्हींपैकी काही नव्हतं. त्या दवाखान्याचा दावा अडकला आणि नुकसान मी हप्त्याहप्त्याने फेडलं. चूक माझीच होती.

परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं, ते विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेचा भाग आहे. ठेकेदाराचा परवाना घ्यायला पर्यवेक्षक आणि तारतंत्री तुमच्याकडे असावे लागतात आणि मेगर, अर्थ टेस्टरसारखी तपासणीची उपकरणंही. एकट्याने धंदा सुरू करणाऱ्याला हे झेपत नाही. त्यावर सरळ उपाय आहे: गावातल्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराशी लेखी करार करा. लाइन त्याची, मशीन तुमचं. कोटेशनमध्ये वायरिंगची रक्कम वेगळी दाखवा आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टची प्रत स्वतःच्या फाइलला लावा. कराराआधी त्याच्या परवान्याची मुदत बघायला विसरू नका, कारण मुदत संपलेल्या परवान्यावर सह्या करत फिरणारेही भेटतात. धंदा वाढला की स्वतःच्या परवान्याचा विचार करा.

गॅस आणि अमोनिया

एसीत भरायच्या आर-२२ या जुन्या गॅसचे दिवस भरत आले आहेत. माँट्रिऑल कराराखाली भारताने २०३० ही अखेर ठरवली आहे, त्यानंतर २०४० पर्यंत जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडा साठा मिळेल. घरोघरी आता आर-३२ आहे आणि तो पेट घेऊ शकतो. फ्रीजमधला आर-६००ए तर त्याहून ज्वलनशील. गॅस काढल्याशिवाय, नायट्रोजन फिरवल्याशिवाय पाइप जोडायचा गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही. सिलिंडर मोठ्या संख्येने साठवायचे असतील तर पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, परवाना लागतो, त्यांचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

द्राक्ष-बेदाण्याच्या पट्ट्यात शीतगृहांची कामं भरपूर असल्यामुळे पोरांना तिकडे ओढ वाटते. पण अमोनियाच्या प्लांटला वर सांगितलेली फाइल पुरत नाही. तिथे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे नियम लागू होतात, प्रेशर व्हेसलची तपासणी सक्षम व्यक्तीकडून होते आणि श्वसनाचं उपकरण घालून व्हॉल्व्ह बंद करता यावा लागतो. त्या कामाचं कोटेशन देण्याआधी अमोनियाच्या जुन्या ठेकेदाराच्या हाताखाली निदान एक पूर्ण हंगाम काढा.